सासऱ्यांच्या तांब्याचं बूच

सासऱ्यांच्या तांब्याला पडलेलं भोक दस्तगीरकडे न देता आपणच बुजवावं, असं मी एका मंगळवारी दुपारी ठरवलं. ठरवलं ते एवढंच. त्यानंतर शुक्रवारपर्यंत जे झालं ते अर्ध्या लोणावळ्याला ठाऊक आहे आणि सोमाटण्याला तर सगळ्यालाच. पण लोक सांगतात ते मागचं पुढे करून सांगतात. माझ्याकडून ऐकलंत तर निदान क्रमाने तरी कळेल.

हे १९३८ सालचं. मी तेव्हा सोपानरावांच्या कारखान्यात कारकून होतो. कारखाना म्हणजे भांगरवाडीच्या अलीकडे पत्र्याची एक शेड, तिच्यात दोन भट्ट्या, सात माणसं आणि एक टेबल. टेबल माझं. सोपानरावांनी वीस वर्षं मुंबईच्या एका गिरणीत फिटर म्हणून काढली होती. एकदा कापसाच्या खात्यात आग लागली, आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसणारी दोन माणसं त्यात गेली. त्यानंतर ते गिरणीत रमले नाहीत. लोणावळ्याला येऊन त्यांनी ही शेड घातली आणि आगीवर पाणी सोडणारी बुचं करायला लागले.

ही बुचं काय असतात ते मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. (पत्रं मात्र मी त्यांच्याबद्दल दिवसाला दहा लिहीत होतो.) एक दिवस सोपानरावांनीच समजावून सांगितलं. गिरणीच्या छताखालून पाण्याने भरलेले नळ फिरवतात. त्यांना दर दहा फुटांवर एक तोटी. तोटीचं तोंड आमच्या धातूच्या बुचाने बंद केलेलं. खाली आग लागली की ऊब वर जाते, बूच वितळतं आणि पाणी आपोआप कोसळतं. कुणी बघायला नको, की ओरडायला नको.

मी विचारलं, इतक्या थोड्या उबेवर वितळतो तो धातू कोणता? सोपानरावांनी कपाटातून बोटाएवढी एक कांडी काढली. दिसायला चांदीसारखी. पितळीत उकळतं पाणी ओतून त्यांनी ती आत उभी धरली. मी बघतो तर कांडीचं टोक खाली खाली जात होतं, आणि पितळीच्या तळाशी चकचकीत थेंब लोळत होते. मला वाटलं साखरेची असेल. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि थेंब माझ्या तळहातावर ठेवला. तोवर तो गोटीसारखा घट्ट झाला होता.

तेव्हापासून मला त्या धातूचं वेड लागलं. कांडीत निम्मा असतो बिस्मथ. हा बोटीने मुंबईला येतो आणि तिथून लाकडी खोक्यातून आमच्याकडे. उरलेल्यात शिसं, कथील आणि कॅडमियम. गंमत अशी, की यातला एकेक धातू वेगळा वितळवायचा तर भट्टी फुंकून जीव जातो. चौघांना एकत्र केलं की चहाच्या वाफेला पाणी होतात. (आमच्या गावच्या पंचांचंही असंच आहे. एकेकटे भेटतात तेव्हा फार खंबीर असतात.)

बिस्मथ नुसता घेतला तर आणखी विचित्र. वजनाला जवळजवळ शिशासारखा, पण शिसं वाकतं आणि हा हातोडी मारली की खडीसाखरेसारखा फुटतो. रंगात किंचित गुलाबी झाक. लोखंड चुंबकाकडे धावतं. हा दोऱ्याला टांगून जवळ दांडगं चुंबक आणलं, तर सावकाश मागे सरतो, जावेच्या सावलीतून निघून जाणाऱ्या बाईसारखा. आणि दुसरे धातू गोठताना अंग चोरतात, साच्यात ढिले पडतात. हा गोठताना फुगतो, पाण्याचा बर्फ होताना फुगतो तसा. म्हणून छापखान्याचे खिळे ओततानाही तो थोडा घालतात, अक्षराचा कोपरा न् कोपरा भरून येतो. हे सगळं मी सोपानरावांकडून ऐकायचो आणि घरी जाऊन नंदाबाईला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, सांगायचो. ती तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "बरं."

सोपानरावांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती. बिस्मथ एकटा साधा आहे, पण त्याची संगत वाईट. शिसं आणि कॅडमियम पोटात जाता कामा नये. कांडीला हात लावला तर हात धुतल्याशिवाय भाकरीला लावायचा नाही. मी मान हलवली होती. मान हलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

आता तांब्याकडे येतो.

माझे सासरे अंबाजी सोमाटण्याचे. साठी ओलांडलेली, हाडाने मजबूत, शेतात अजून पोरांच्या पुढे. त्या वर्षी त्यांच्या पोटात आग पडायला लागली. जेवलं की जळजळ, नाही जेवलं की त्याहून जास्त. शेवटी लेकीने निरोपावर निरोप धाडले, तेव्हा ते शनिवारी घोरावाडीला गाडीत बसून लोणावळ्याला आले. बरोबर कपड्याचं एक गाठोडं आणि त्यांचा तांब्या. हा खऱ्या तांब्याच्याच धातूचा तांब्या माझ्या दिवंगत सासूबाईंनी लग्नात आणलेला. अंबाजी शेतावर गेले तरी तो बरोबर, परगावी गेले तरी बरोबर. दुसऱ्या भांड्यातलं पाणी त्यांना गोड लागत नसे.

बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं. पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या, दिवसातून तीनदा दुधाबरोबर घ्यायच्या. तिखट बंद, कच्चा कांदा आणि लसूण बंद, आणि पाणी प्यायचं ते कोमट. रविवारपासून पुड्या सुरू झाल्या. सोमवारी नंदाबाईच्या लक्षात आलं, की तांब्या ठेवला तिथे ओल येते. बुडाच्या जरा वर तूरडाळीएवढं भोक पडलं होतं.

ती म्हणाली, दस्तगीरभाईंकडे द्या. दस्तगीर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर बसायचा. कल्हई करायचा, फुटक्या भांड्यांना डाख द्यायचा, आणि त्याने दिलेला डाख भांडं झिजलं तरी सुटत नसे. मंगळवारी सकाळी कामावर जाताना मी तांब्या पिशवीत घातला तो त्याच्याकडे द्यायलाच. पण वाटेत माझ्या डोक्यात बिस्मथ शिरला. गोठताना फुगणारा धातू भोकात ओतला, तर तो भोकाच्या कडा आतून दाबून धरील. दस्तगीरच्या कथलाला हे कुठून जमणार? मी दस्तगीरच्या दुकानावरून सरळ पुढे गेलो. त्याने रामराम केला. मी पण केला.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कपाटातून कांडीचा एक तुकडा घेतला. भोकाच्या कडा काचकागदाने घासल्या. बाहेरून ओली माती दाबली. तुकडा डावात वितळवून आतून ओतला. मिनिटभरात तो घट्ट झाला. माती काढली, तर भोकाच्या जागी चांदीचा टिळा लावल्यासारखं गोल बूच. गार पाण्याने तांब्या भरून टेबलावर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी खालून बोट फिरवून पाहिलं. थेंब नाही. त्या दिवशी लिहिलेल्या एका पत्रात मी 'आपला नम्र' च्या जागी 'आपला यशस्वी' लिहिलं होतं, असं नंतर उघडकीला आलं.

हात मात्र मी धुतले होते. तेवढं लक्षात राहिलं. ज्या धातूचे हात धुवायचे, तो प्यायच्या पाण्यात ठेवायचा नाही, हे काही केल्या सुचलं नाही.

घरी नंदाबाईने तांब्या उजेडाकडे धरून पाहिला. "दस्तगीरभाईंनी एवढ्या लवकर दिला?"

मी म्हटलं, "हं."

हे खोटं बोलणं धरायचं की नाही, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माझ्या मते 'हं' हा शब्दच नव्हे. नंदाबाईचं मत वेगळं आहे.

बुधवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी आणि अंबाजी ओटीवर बसलो होतो. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्या नोकरीबद्दल विचारत होते. मी त्यांना पूर्वीच सांगून ठेवलं होतं, की कारखाना तसा मीच बघतो, सोपानराव नुसते नावाला. त्यामुळे आता समजावून सांगणं भागच होतं. मी गिरणीचं छत सांगितलं, नळ सांगितले, तोट्या सांगितल्या. तेवढ्यात नंदाबाई त्यांचा तांब्या भरून घेऊन आली. डॉक्टरांनी कोमट सांगितलेलं, म्हणून रोज ती गार पाण्यात आधण मिसळायची; त्या दिवशी मात्र तिने स्वयंपाकघरात तांब्या चिंध्यांच्या चुंबळीवर ठेवून आधी आधणाचं पाणी ओतलं होतं, मग त्यात गार घातलं होतं, आणि बुडाला चुंबळ तशीच धरून तो बाहेर आणला होता. हे मला ठाऊक नव्हतं.

अंबाजींनी तांब्या उचलला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली. मी सांगत होतो, की मग ऊब लागताच बूच वितळतं आणि कुणी न बोलवता पाणी खाली येतं. आणि पाणी खाली आलं. अंबाजींच्या मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून मांडीवर, आणि धोतर पार चिंब.

ते तांब्या फिरवून बघत शांतपणे म्हणाले, "दस्तगीरनं ह्यो कसला डाख दिला? येका दिसात सुटला."

मी तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि दुरुस्तीच्या निमित्ताने आत गेलो. भोक जसं होतं तसं, स्वच्छ. जणू तिथे कधी काही नव्हतंच. तांब्या उलटा केला, हलवला, आत बोटं घातली. बूच नाही. ओटीवर येऊन ओल्या जागेत हात फिरवला. अंबाजींच्या धोतराच्या निऱ्यांत कंदील धरून पाहिलं. (ते म्हणाले, वाळंल आपसूक, जावईबापू, लय मनावर घिऊ नका.) बूच कुठेच नव्हतं. मग उरली एकच जागा. त्यांनी दोन मोठे घोट घेतलेले मी डोळ्यांनी पाहिले होते.

पावट्याच्या दाण्याएवढं बूच. त्यात पाव हिस्सा शिसं, आणि वर कॅडमियम. आणि ते आधीच जळणाऱ्या पोटात.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. बोलावं तर 'हं' पासून सगळं बाहेर काढावं लागणार होतं. मी जेवताना त्यांना पोट कसं आहे ते विचारलं. जेवण झाल्यावर विचारलं. अंथरुणावर पडले तेव्हा पुन्हा विचारलं. ते नंदाबाईला म्हणाले, जावयाला माझी लय काळजी हाय, आपल्या पोटच्या पोरांनी कधी येवढं इचारलं न्हाई. मला ते ऐकवेना. आणि वर त्यांनी सांगितलं, की सकाळी दस्तगीरला बोलावून घ्या, मला त्याला दोन शब्द बोलायचेत.

गुरुवारी सकाळी दस्तगीर आला. पन्नाशीचा माणूस, काळवंडलेली बोटं, बोलणं हळू. पायरीवर बसून त्याने तांब्या मांडीवर घेतला. अंबाजींनी त्याला सुनावलं, पण मोठ्याने नाही. या तांब्यातून माझी बायको पाणी प्याली आहे, एवढंच सांगितलं, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. दस्तगीरने सगळं ऐकून घेतलं. भोकाच्या कडेवर नख फिरवलं, तांब्या उजेडाकडे धरला.

"आबा, हे काम माझं न्हाई," तो म्हणाला. "माझं कथील असं पळून जात न्हाई. आणि हा तांब्या मी आज पहिल्यांदा हातात धरतोय. अल्लाची शपथ."

अंबाजींनी त्याच्याकडे पाहिलं. नंदाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पायरीकडे पाहिलं. अंबाजी काही बोलण्यासाठी तोंड उघडून पुढे वाकले, आणि नंदाबाईच्या हातातली दुधाची वाटी खाली पडली.

"आबा, जीभ दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी जीभ बाहेर काढली. ती काळी होती. जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जांभळी नव्हे. पाटीवर कोळसा फासावा तशी, मुळापासून टोकापर्यंत काळी.

मी तिथेच बसलो आणि बोलायला लागलो. तांब्या दस्तगीरकडे दिलाच नव्हता, बूच मी केलं, कांडी न विचारता घेतली, त्यात शिसं आहे, कॅडमियम आहे, ते काल वितळलं आणि मामांनी गिळलं, आणि मला रात्रीपासून ठाऊक आहे. एकदा सुरुवात केल्यावर मला थांबताच येईना. कारखाना मी बघत नाही, मी नुसती पत्रं लिहितो आणि टपाल नोंदवतो, हेही मी सांगून टाकलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

अंबाजींनी जीभ आत घेतली. "ते ठाव हाय मला," ते म्हणाले. "लगीन ठरायच्या आधीच चौकशी केलती आमी. मानूस गरीब हाय, येवढंच कळलं, म्हनून पोरगी दिली." मग म्हणाले, "आता मी मरतूय का काय, त्ये सांगा आधी."

दस्तगीर उठला, कोपऱ्यावर जाऊन टांगा घेऊन आला, आणि ज्या माणसावर मी माझं पाप ढकललं होतं त्यानेच माझ्या सासऱ्यांना हाताला धरून टांग्यात बसवलं आणि स्वतः टांगेवाल्याशेजारी बसला. नंदाबाई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. टांगा बाजारातून जाताना अंबाजी तोंड मिटून ताठ बसले होते. मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसायला गेलो, तर त्यांनी तो माझ्याच कपाळावरचा असल्याचं दाखवून दिलं.

डॉक्टरांनी जीभ पाहिली. पोट दाबलं, नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मी सगळी हकिकत पुन्हा सांगितली. आता ती पाठ झाली होती.

"पुड्या वेळच्या वेळी घेता ना?" त्यांनी अंबाजींना विचारलं.

"रोज तीन. येक चुकावली न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सोपानरावांकडे आहात. मी यांना कसली पूड देतोय, ओळखता येईल तुम्हाला?"

मी पुडी उघडून पाहिली. पांढरी, मऊ, पिठासारखी. मी म्हटलं, खडूची असावी.

"बिस्मथची," डॉक्टर म्हणाले.

मला ते एकदम उमजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. बिस्मथपासून ही पांढरी भुकटी करतात, ती पोटाच्या आतल्या अंगाला लेपासारखी बसते आणि जळजळ शमवते. पूर्वी क्ष-किरणांनी पोटाचं चित्र काढताना हीच भुकटी माणसाला कालवून पाजायचे, म्हणजे पोटाचा आकार उमटायचा. गोऱ्या बायकांच्या तोंडाला लावायच्या पावडरीतही ती घालत. मात्र तिचा गंधकाशी संबंध आला की ती काळी ठिक्कर पडते. जीभ काळी होते, शौचाला काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, औषध बंद केलं की रंग जातो.

"पण गंधक तोंडात कुठून आला, हा खरा प्रश्न आहे," ते म्हणाले. "गंधक असतो कांद्यात आणि लसणात. ते तर मी बंद केलं होतं."

अंबाजी खिडकीतून टांग्याचा घोडा बघायला लागले. नंदाबाईने पदर सारखा केला. मग तिनेच सांगितलं, की आबांना नुसत्या दूधभाताने अन्न जात नव्हतं, म्हणून दुपारी मी कामावर असताना ती थोडी लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा द्यायची. थोडा म्हणजे किती, हे डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, दोन. अंबाजी घोड्याकडे बघतच म्हणाले, "बारकं हुते."

मला एकदम फार हलकं वाटलं. या घरात मी एकटाच लपवाछपवी करत नव्हतो. पण तो आनंद फार टिकला नाही, कारण डॉक्टरांचा सूर बदलला. जीभ औषधाने काळी झाली ते ठीक, ते म्हणाले, पण बुचाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. एवढासा घट्ट गोळा बहुधा आला तसा निघून जाईल, तरी शिसं हे शिसं आहे. प्यायच्या भांड्याला ते लावणाऱ्याला फटके द्यायला हवेत. बूच गिळलं की नाही हे आधी नक्की कळलं पाहिजे.

नंदाबाईने तेव्हा, सकाळपासून पहिल्यांदा, मला प्रश्न विचारला. "कसं दिसतं हो ते?"

"चांदीसारखं. पावट्याच्या दाण्याएवढं. चपटं झालं असेल."

"मग ते कोनाड्यात आहे. काल चुंबळीत अडकलं होतं. मला वाटलं तुमच्या कोटाचं बटण."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठं? घरभर कंदील घेऊन फिरत होता, मला वाटलं आबांची सेवा करताय."

दस्तगीर टांग्यातून आमच्या घरी गेला आणि कोनाड्यातलं ते बटण घेऊन आला. डॉक्टरांनी ते चिमट्यात धरून पाहिलं. चुंबळीच्या चिंधीची वीण त्याच्यावर उमटली होती, धागा न् धागा मोजता यावा अशी. गोठताना फुगतो म्हणतात ते खोटं नाही. हे मी तिथे मोठ्याने म्हणालो. डॉक्टर हात धुवायला गेले.

परतताना मी दस्तगीरची माफी मागितली. बाजारात, चारचौघांत मागितली, नंदाबाईने तशी अटच घातली होती. त्याने ती दिली. तांब्याला त्याने त्याच दुपारी कथलाचा डाख दिला, आणि तो डाख आज दहा वर्षं झाली तरी आहे तिथे आहे. त्याने एकच गोष्ट मागितली. कथील तो बापाच्या हाताखाली शिकला, शिसं शिकला, जस्त शिकला. आधणाच्या पाण्याने पळून जाणारा धातू त्याने कधी पाहिला नव्हता. तो त्याला बघायचा होता. अंबाजी म्हणाले, मलाबी.

म्हणून शुक्रवारी मी दोघांना कारखान्यात नेलं. आधी सोपानरावांपुढे उभं राहून कांडीचं सांगितलं. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. त्यांनी ते बटण हातात घेतलं, बराच वेळ फिरवून पाहिलं. म्हणाले, "बूच बरोबर वागलं. ऊब लागली, वितळलं, पाणी सोडलं. आमच्या गिरणीत असं एक जरी असतं तर." त्यांनी बटण टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "चूक बुचाची नाही, महिपतराव." तेवढ्याने मला जे लागायचं ते लागलं.

मग त्यांनी भट्टीवर लोखंडी पळी ठेवली आणि त्यात नुसता बिस्मथ टाकला, खडे खडे. तो वितळून आरशासारखा झाला. पळी उतरवून ते थांबले. वर साय धरली तशी त्यांनी सळईने ती फोडली आणि आतलं पातळ ओतून दिलं. पळीच्या तळाशी जे उरलं होतं ते आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. लहान लहान चौकोनी पायऱ्या. पायरीच्या आत पायरी, तिच्या आत आणखी एक, पाण्याच्या बारवेत उतरल्यासारख्या. आणि बघता बघता त्यांच्यावर रंग चढले, आधी पिवळा, मग गुलाबी, जांभळा, मोराच्या मानेचा निळा.

अंबाजींनी टोपी काढली. "हे कुनी घडावलं?"

"कुणी नाही," सोपानराव म्हणाले. "गार होताना तो आपला आपण असा होतो. वरचे रंग हवेने येतात."

दस्तगीरने एक खडा मागून घेतला, कानाशी धरून वाकवायला गेला. कथील वाकवलं की आत कुरकुरतं, ते ऐकायची त्याची सवय. हा वाकला नाही, त्याच्या बोटांत फुटला. तो हसला आणि तुकडे परत पळीत टाकले. मग अंबाजींनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. उन्हाळ्यात पत्र्याखाली लय तापतं, तवा बूच आपसूक वितळत न्हाई का? पन्नास वर्सं आगच लागली न्हाई तर बूच गंजून बसंल का? येकच बूच वितळलं तर त्येवढंच पानी येतं, का सगळीकडं? सोपानराव खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. उन्हाच्या प्रश्नापायी त्यांनी स्वतः दोन वर्षं घालवली होती, प्रमाण बदलून बदलून. दोघं तासभर बोलत होते. मी तीन वर्षं तिथे होतो. यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. मी टेबलाशी बसून टपाल नोंदवलं.

जाताना सोपानरावांनी तो पायऱ्यांचा तुकडा अंबाजींना दिला. कापसात गुंडाळून, काड्यापेटीत घालून. अंबाजी रविवारच्या गाडीने सोमाटण्याला गेले. पोट बरंच शांत झालं होतं. स्टेशनावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "नीट सांभाळ" असं सांगितलं. म्हणजे मी नंदाबाईला सांभाळावं असं मला वाटलं. गाडी सुटल्यावर कळलं, की ते तिच्याकडे बघून म्हणाले होते.

आठवड्याने कारखान्यात एक पाकीट आलं. सोमाटण्याच्या शाळामास्तरांचं अक्षर, नाव सोपानरावांचं. सोपानराव भट्टीवर होते, चष्मा धुराने भरलेला. म्हणाले, वाचून दाखवा. मी नेहमीच्या आवाजात, सातही माणसांना ऐकू जाईल असं वाचायला लागलो.

"राजमान्य राजेश्री सोपानराव यांसी अंबाजी यांचा रामराम विनंती विशेष. धातू सुखरूप पोचला. गावातील झाडून सर्व मंडळींनी पाहिला. पोट बरे आहे, जीभ तांबडी झाली. एक विनंती आहे. आमचे जावई मनाने चांगले आहेत. त्यांस लिहिण्याचे काम द्यावे, ते करतील. मात्र कोणत्याही धातूस त्यांस हात लावू देऊ नये. लोभ असावा."

भट्टीवरची माणसं कामाला लागल्यासारखी दिसत होती. सोपानरावांनी सळई खाली ठेवली आणि उत्तर सांगितलं. मी ते लिहून घेतलं. आपली सूचना मिळाली, योग्य वाटली, आजपासून अंमल सुरू केला आहे. खाली त्यांची सही घेतली. जावक वहीत नोंद केली. अक्षर सुरेख आलं आहे, असं सोपानराव मनापासून म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मग पाकिटावर मोहोर करायला मी लाखेची कांडी काढली आणि मेणबत्ती पेटवली, तेव्हा त्यांनी दोन्ही माझ्या हातातून काढून घेतल्या.